डबाभर राणीछाप रुपये आणि शिवराया मिळाल्या आहेत, सुरुवात कशी करावी?

सातारचा_नवखा
घरातल्या जुन्या डब्यात चाळीसेक नाणी निघाली. बहुतेक राणीछाप आणि राजाछाप चांदीचे रुपये आहेत, सात-आठ शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) आहेत. सोबत मुलाची क्रिकेट कार्डंही ठेवायची आहेत. ५००० रुपये खर्चायची तयारी आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत: चिंचेने किंवा पितांबरीने घासून स्वच्छ करू का? नाणी ठेवायची कशात? आणि जुन्या बाजारात १९११ नि १९३९चे रुपये 'दुर्मिळ' म्हणून दाखवतात, ते घ्यावेत का?

टांकसाळ_गल्ली
चिंच, पितांबरी, टूथपेस्ट, राख, काहीही लावू नका. घासलेलं नाणं जाणकाराला दुरूनच ओळखू येतं, कारण चकाकी एकाच दिशेची आणि ओरखडे केसासारखे असतात. त्याची किंमत निम्म्यावर येते, कधी त्याहूनही खाली. चांदीवरचा काळसर-निळसर थर म्हणजे घाण नव्हे, तो तसाच राहू द्या. मातीच बसली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी मऊ सुती कापडावर टिपा. पुसू नका.

५००० पैकी नव्या नाण्यावर सध्या शून्य खर्च करा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, १० पटींचं भिंग, व्हर्नियर कॅलिपर आणि ठेवण्याचं सामान घ्या. काट्याशिवाय बाजारात जाणं म्हणजे विक्रेत्याच्या मर्जीवर जाणं.

खणखणीत
चांदीच्या रुपयाची परीक्षा कशी करायची ते सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते.

१८३५ ते १९३९च्या मानक रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, व्यास साधारण ३०.५ मिमी. १९४० ते १९४५च्या रुपयाचं वजन तेच, पण चांदी ५० टक्केच. उरलेलं तांबं, निकेल आणि जस्त. १९४७चा वाघाचा रुपया निव्वळ निकेलचा असल्याने चुंबकाला चिकटतो. तो चांदीचा समजून घेणारे अजूनही भेटतात!

नुसत्या वजनावर जाऊ नका. झिजलेला अस्सल रुपया ११.४ सुद्धा भरतो, आणि नकली मुद्दाम ११.६६चा पाडलेला असू शकतो. त्यापेक्षा पाण्यातलं माप घ्या. पेल्यात पाणी घेऊन काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा. नाणं शिवणकामाच्या बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण ते तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. मग काट्यावर येणारा आकडा म्हणजे नाण्याचं घनफळ. ११.६६ ग्रॅमच्या नाण्याला ९१.७ टक्के चांदी असेल तर १.१३च्या आसपास येतो, ५० टक्क्यांना १.२२, तांबं-निकेलच्या नकलीला १.३१. नाणं झिजलेलं असलं तर कोरडं वजन भागिले हा आकडा करा, १०.३च्या जवळ आलं की धातू बरोबर. झीज झाली तरी हा भागाकार बदलत नाही, म्हणूनच ही पद्धत खात्रीची. गडबड होते ती नाण्याला चिकटलेल्या हवेच्या बुडबुड्यांनी. तेव्हा बुडवल्यावर दोरा हलकेच हलवून बुडबुडे घालवा.

धातू बरोबर म्हणजे नाणं अस्सल असं मात्र नाही. भिंगातून किनार बघा. ओतीव नकलीला किनारीवर जोडरेघ दिसते, दात बोथट आणि कमी-जास्त अंतरावर असतात, पृष्ठभाग साबणासारखा गुळगुळीत आणि बारीक खड्ड्यांचा असतो.

टांकसाळ_गल्ली
१९११ बद्दल: पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती त्या वर्षी आखूड सोंडेचा कोरला गेला, लोकांना तो डुकरासारखा दिसला आणि ओरड झाली. १९१२पासून साचा बदलला, आधीचे बहुतेक रुपये वितळवले गेले. म्हणून आकडा नंतर बघा, आधी हत्ती बघा. नीट लांब सोंडेचा हत्ती आणि साल १९११ असेल तर शेवटचा आकडा खोडलेला आहे. १९३९लाही हाच धोका, ८चा ९ करतात. ढिगातला १९३९ घ्यायचाच नाही, लेखी परतीच्या हमीशिवाय तर मुळीच नाही.

आणि राणीच्या १८६२च्या रुपयांवर हुरळू नका. तेच साल १८७४ पर्यंत छापत राहिले. वर्षावर्षांतला फरक ठिपक्यांच्या संख्येत नि जागेत आहे, भिंग लावून मोजा.

दुदांडी
शिवराईचं थोडं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. पूर्ण शिवराई साधारण ९ ते १३ ग्रॅम, अर्धी त्याच्या निम्मी. १६७४च्या राज्याभिषेकापासून हा प्रकार सुरू झाला खरा, पण पेशवाईत आणि त्यानंतरही तो पाडला जात होता. 'सिव', 'छत्रपती' अशी लेखनं आणि ओळींमध्ये दोन समांतर रेघा असलेली दुदांडी ही उत्तरकालीन. विक्रेता सरसकट 'महाराजांच्या काळातली' म्हणतो, भाव तसा देऊ नका. सोन्याचा होन म्हणून दाखवलेली वस्तू तर हातातही घेऊ नका.

राम-सीता किंवा हनुमान आणि मागे 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' अशी तांब्याची 'नाणी' कंपनीने कधी काढलीच नव्हती.

तांब्यावर फिकट हिरवी भुकटी येत असेल आणि टोकरल्यावर सुटत असेल तर ते नाणं ताबडतोब वेगळं काढा. क्षारांमुळे धातू आतून खाल्ला जातो. गडद, कडक हिरवट थर मात्र निरुपद्रवी.

कोकणी_कपाट
ठेवण्याचं सांगतो. मऊ, वास येणारी प्लॅस्टिक पाकिटं पीव्हीसीची असतात, त्यातून सुटणारा पदार्थ नाण्यावर चिकट हिरवा थर धरतो. मायलरची (एक पारदर्शक, न चिकटणारं प्लॅस्टिक) किंवा 'पीव्हीसी-विरहित' लिहिलेली पाकिटं घ्या. रुपयाला पुठ्ठ्याचा चौकोनी होल्डर ३२.५ मिमी खिडकीचा. ३०चा घेतलात तर बसणार नाही. नाणं काढताना आधी होल्डरला मारलेल्या सगळ्या पिना उपसा, नाहीतर पिनेचं टोक नाण्यावर ओरखडा काढतं. जाड शिवराईने होल्डरची फिल्म फाटते, तिला पाकीटच बरं.

चिकट थर आधीच आला असेल तर शुद्ध ॲसिटोन (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेल आणि रंग असतात) काचेच्या वाटीत, खिडकी उघडी, जवळ आग नाही, पंधरा मिनिटं. मग दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये बुडवून तसंच वाळू द्या.

रबरबँड आणि वर्तमानपत्र नाण्यांजवळ नको, गंधकाने चांदी काळी पडते. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल हवीच. निळी गुलाबी झाली की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरा.

सातारचा_नवखा
मनापासून आभार. भाव किती धरायचा? आणि कार्डांचं?

खणखणीत
सामान्य सालांच्या मानक रुपयाला तळभाव चांदीचा: १०.७ ग्रॅम गुणिले त्या दिवसाचा दर. ५० टक्केवाल्याला ५.८३ ग्रॅम. 'जुन्या नाण्याचे लाखो देतो, आधी शुल्क भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने २०२१मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला आहे. शंभर वर्षांवरची नाणी परदेशी पाठवू नका, १९७२चा पुरावस्तू कायदा आडवा येतो.

कोकणी_कपाट
कार्डांना लॅमिनेशन अजिबात नाही, त्याने ते कायमचं बाद होतं. आधी पातळ स्लीव्ह, मग टॉपलोडर (वरून उघडं, कडक प्लॅस्टिकचं पाकीट). ६३ बाय ८८ मिमीच्या नेहमीच्या कार्डाला ३५ पॉइंट (कार्डाच्या जाडीचं माप) लिहिलेला पुरतो. बबलगमबरोबर यायची ती कार्डं या मापाची नसतात, आधी मोजा.