शब्दचर्चा : ब्रेन इमेजिंग, सायकोसिस, मूड डिसऑर्डर

विचारणा
मानसिक आजारांत मेंदूचे स्कॅन काय सांगतात, यावरचा एक लेख मराठीत आणतो आहे. 'ब्रेन इमेजिंग'ला प्रतिमांकन म्हणावे की सरळ छायाचित्रण? 'सायकोसिस'ला (भास, भ्रम होण्याची अवस्था) मनोविकृती चालेल? आणि 'मूड डिसऑर्डर' (नैराश्य, उन्माद असे आजार)? कोशातला 'भावविकार' वाचून कुणाला काही बोध होईल असे वाटत नाही.

प्रतिसाद
छायाचित्रण नकोच. एमआरआयमध्ये ना छाया, ना कॅमेरा. चुंबकीय क्षेत्रात शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संकेत येतात, त्यांवरून संगणक चित्र रचतो. फंक्शनल एमआरआय तर आणखी लांबचा. तो पेशींचे काम थेट टिपत नाही, रक्तातल्या प्राणवायूच्या प्रमाणातला बदल टिपतो (जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांचे १९९० मधले काम). लेखात छापलेले लाल-पिवळे ठिपके हा संख्याशास्त्रीय हिशेबाचा निकाल असतो, रंग मागाहून भरलेले. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी चक्क मेलेला सॅमन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांचे फोटो 'दाखवले'. हजारो तुलना एकदम करताना योगायोगाचे खोटे निकाल वगळायला जी दुरुस्ती करायची असते ती गाळली, तर त्याच्याही मेंदूत 'सक्रिय' ठिपके निघाले! तेव्हा 'मेंदूचा अमुक भाग उजळला' हे वाक्य दिसले की मी कापतो. प्रतिमांकन ठेवा. 'अंकन'मध्ये खूण करणे आणि आकडा मांडणे दोन्ही येते.

प्रतिसाद
नामांचा घोळ परवडला, क्रियापद सांभाळा. 'स्कॅनमध्ये स्किझोफ्रेनिया दिसला' (भास-भ्रमांचा गंभीर मानसिक आजार) असे मथळे येतात आणि सगळा गैरसमज त्या 'दिसला'मध्ये आहे. १९७६ मध्ये ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी लंडनमधल्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात स्किझोफ्रेनियाने दीर्घकाळ आजारी असलेल्या १७ जणांचे सीटी स्कॅन केले. मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या निरोगी गटापेक्षा मोठ्या निघाल्या. हा निष्कर्ष पुढे टिकला. पण तो गटाचा. एकेकट्याकडे पाहिले तर कित्येक रुग्णांच्या पोकळ्या निरोगी माणसांएवढ्याच असतात. नंतर 'एनिग्मा' या आंतरराष्ट्रीय गटाने जगभरचे हजारो स्कॅन एकत्र केले. स्किझोफ्रेनियात हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी निगडित मेंदूचा भाग) सरासरीने लहान, बायपोलरमध्ये (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा आजार) हाच फरक कमी, नैराश्याच्या आजारात आणखी कमी. शिवाय औषधेही चित्र बदलतात. लिथियम (बायपोलरवरचे औषध) घेणाऱ्यांत करड्या द्रव्याचे (मेंदूतल्या पेशींनी दाट भागाचे) आकारमान जास्त मिळते, तर सायकोसिसवरच्या काही औषधांचा संबंध ते कमी होण्याशी जोडला गेला आहे. मग मोजला तो आजार की उपचार?

म्हणून 'आजार दिसतो' नको, 'गटांच्या सरासरीत फरक आढळतो' लिहा. लांबते खरे, लांबू द्या.

विचारणा
म्हणजे 'निदानासाठी स्कॅन' हेही चूक?

प्रतिसाद
या आजारांपुरते, हो. निदान अजूनही बोलण्यातून, लक्षणांवरून आणि पूर्वेतिहासावरून होते. डॉक्टर एमआरआय सांगतात तो बहुधा गाठ, मार, मेंदूदाह अशी कारणे वगळायला. 'निदानासाठी' ऐवजी 'इतर कारणे वगळण्यासाठी' लिहा.

प्रतिसाद
मनोविकृतीला माझा विरोध. शास्त्रात विकृती म्हणजे बिघाड, हे मान्य. पण बोलीत 'विकृत' ही शिवी झाली आहे, गुन्ह्याच्या बातमीत हमखास भेटणारी. भास होणाऱ्या, 'माझ्यावर पाळत आहे' अशा भीतीने गांजलेल्या माणसावर तो शिक्का कशाला? सायकोसिस देवनागरीत लिहून पहिल्यांदा कंसात 'वास्तवाचे भान सुटणे' द्यावे. मूडचे दुखणे उलटे आहे. शब्द मराठीत इतका रुळला की 'आज मूड नाही' इतपत हलका झाला. आठवडेच्या आठवडे टिकणारे नैराश्य किंवा उन्माद त्यात मावत नाही. 'मनःस्थितीचे विकार' मला जमणारा वाटतो.

आणि लेखात या दोन आजारगटांमध्ये भिंत असल्यासारखे लिहू नका. ती जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिनने १८९९ मध्ये घातली. २०१५ मध्ये १९३ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा स्किझोफ्रेनिया, बायपोलर, नैराश्य, चिंताविकार अशा वेगवेगळ्या निदानांत मेंदूच्या त्याच काही भागांत करडे द्रव्य कमी आढळले. 'सायकोसिस विरुद्ध मूड' अशी रचना तिथे खोटी पडते.

प्रतिसाद
जाता जाता, स्किझोफ्रेनियाला 'छिन्नमनस्कता' म्हणणे टाळाच. ऐकणाऱ्याला दोन व्यक्तिमत्त्वे वाटतात. जपानने 'मन दुभंगण्याचा आजार' अशा अर्थाचे आपले जुने नाव २००२ मध्ये बदललेच की.

विचारणा
वाक्य असे केले आहे: 'मेंदूच्या प्रतिमांकनात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा हिप्पोकॅम्पस निरोगी व्यक्तींपेक्षा सरासरीने लहान आढळला.'

प्रतिसाद
'रुग्णांचा' ऐवजी 'रुग्णगटाचा', 'व्यक्तींपेक्षा' ऐवजी 'गटापेक्षा'. बाकी राहू दे.