प्रिंटरचा यूएसबी पोर्ट हलतो आहे. केवळ पोर्ट दुरुस्त होईल का?

प्रश्न (कोपरखैरणे):
नमस्कार. केबल लावलेली असतानाच आमचा इंकजेट प्रिंटर भिंतीकडे सरकवला गेला आणि मागचा चौकोनी यूएसबी पोर्ट आत दबला. आता केबल विशिष्ट कोनात धरली तरच संगणकाला प्रिंटर दिसतो. वाशीतील एका दुरुस्तीवाल्यांनी संपूर्ण बोर्ड बदलण्यास सांगितले असून तो खर्च जवळजवळ नव्या प्रिंटरएवढा आहे. प्रिंटरला वाय-फाय नाही. काही मार्ग आहे का?

उत्तर (नौपाडा, ठाणे):
बोर्ड बदलण्याची घाई कृपया करू नका. या टाइप-बी पोर्टला चारच पिना असतात, त्या म्हणजे ५ व्होल्ट, डेटाच्या दोन आणि ग्राउंड. शिवाय पत्र्याच्या आवरणाचे दोन जाड पाय बोर्डाच्या छिद्रांत सोल्डर केलेले असतात आणि केबलला धक्का बसला की बराचसा ताण त्यांच्यावरच येतो. केबल एका कोनात धरल्यावर प्रिंटर ओळखला जातो, याचा अर्थ बोर्डावरील सर्किट चालू आहे आणि बहुधा सोल्डरचे सांधे तडकले आहेत. पिनांना नुसते फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावे म्हणून लावायचा पदार्थ) लावून सोल्डर पुन्हा वितळवले तरी संपर्क येईल, परंतु दोन्ही पाय पक्के केल्याशिवाय तो टिकणार नाही.

आवरण वाकले असेल, तर पोर्टच बदलावा. तो ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर सुटा मिळतो. जुना नमुना सोबत न्यावा, कारण पायांची ठेवण वेगवेगळी असते. जुना पोर्ट मात्र ओढून काढू नये. कारखान्यातील शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंश सेल्सिअसला वितळते, तर शिसेयुक्त सोल्डर १८३ अंशांच्या आसपास. म्हणून आधी थोडे शिसेयुक्त सोल्डर त्यात मिसळले की सांधा लवकर सुटतो आणि तांब्याचा पॅड (बोर्डावरील ज्या चकतीला पिन सोल्डर केलेली असते ती) उखडण्याचा धोका कमी होतो.

उत्तर (ऐरोली):
वरील मताशी मी सहमत आहे. पॅड उखडलाच, तर बारीक तारेने जोड देता येतो. डेटाच्या दोन्ही तारा आखूड आणि सारख्या लांबीच्या ठेवाव्यात. उघडण्यापूर्वी प्लग काढावा आणि शाई सांडू नये म्हणून प्रिंटर आडवा-उभा करू नये.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. आज झाकण उघडून पाहिले. एक पाय छिद्रातून पूर्ण सुटला आहे, पिनांभोवती बारीक तडे दिसतात, मात्र पॅड शाबूत आहेत. मल्टिमीटरने तपासून, ओळखीच्या मोबाइल दुरुस्ती कारागिराकडून उद्या सोल्डर करून घेतो.