शब्द सारखे, पण कर्ता गायब

स्पॅनिशभाषकांना इंग्रजी सोपंच जात असणार, लिपी एक आणि कितीतरी शब्द सारखे, असं अनेकांना वाटतं. शब्दांपुरतं पटलं. पण वाक्यात ते अडकतात ते आधी कर्त्यापाशी. स्पॅनिशमध्ये क्रियापदाच्या रूपावरूनच कर्ता कळतो (आपलं 'येतोस का?' तसंच), म्हणून 'एस इम्पोर्तान्ते' ('महत्त्वाचं आहे') हे पूर्ण वाक्य. इंग्रजीत त्याचं 'इज इम्पॉर्टंट' होतं, 'इट' गळतं. बरं, हे 'इट' नुसतं जागा भरायला बसवलेलं. 'इट इज रेनिंग'मध्ये पाडणारा कोण, हे विचारू नये!

मग 'डू'. इंग्रजीत प्रश्न आणि नकार करायला बहुतेक वेळा हे लागतं. स्पॅनिशमध्ये सूर बदलला की प्रश्न, क्रियापदाआधी 'नो' लावलं की नकार. मदतीला वेगळं क्रियापद लागतच नाही. त्यात 'नो तेंगो नादा' ('माझ्याकडे काही नाही') हा दुहेरी नकार तिथे शुद्ध, त्यामुळे प्रमाण इंग्रजीत चुकीचं असलेलं 'आय डोन्ट हॅव नथिंग' त्यांच्या कानाला खटकत नाही.

आर्टिकलचं मात्र आपल्या उलट. आपण 'द' गाळतो, ते जास्तीचा लावतात: 'द लाइफ इज ब्यूटिफुल'.

शिकवायचं असेल तर माझ्या मते काळांचे तक्ते नंतर. पहिले काही तास एकही वाक्य कर्त्याशिवाय सुटू देऊ नका.