मदत हवी आहे: सँक्शन लेटर हातात, पण फ्लॅटच्या कागदांवर बँकेचा वकील अडलाय

नमस्कार मंडळी,

आमचं पहिलंच घर. घरात आजवर कुणी होम लोन घेतलेलं नाही, त्यामुळे विचारायला जवळचं माणूस नाही. वडिलांचं म्हणणं, "बँक पैसे द्यायला तयार आहे ना, मग अडलंय कुठे?" तेच समजून घ्यायचंय.

चिंचवडमध्ये एक रीसेल टू बीएचके पसंत केलाय. इमारत २००४ची, सोसायटी रजिस्टर्ड, पूर्णत्वाचा दाखला आहे, कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करणं) झालेला नाही. व्यवहार ४६ लाखांना ठरतोय. मी चाकणला एका ऑटो पार्ट्स कंपनीत क्वालिटी खात्यात आहे, हातात ६८ हजार येतात. मोटरसायकलचा ३,९०० चा हप्ता चालू आहे, त्यातले २८ हजार बाकी. बायको घरी ब्लाउज शिवते, महिन्याला दहा-बारा हजार सुटतात, पण रिटर्न कधी भरलेलं नाही, म्हणून बँकेने ते उत्पन्न धरलंच नाही. एका सरकारी बँकेने मला ३५ लाखांचं सँक्शन लेटर दिलंय. २० वर्षं मुदत, ८ टक्के दराने हप्ता २९,२७५ च्या आसपास. आमच्याकडे साठवलेले, पीएफमधून मिळणारे आणि वडिलांनी दिलेले मिळून १५ लाख होतात.

आता अडचण. हा फ्लॅट बिल्डरकडून २००४ मध्ये एकाने घेतला, त्याच्याकडून २०१४ मध्ये आताच्या मालकांनी. २०१४चा मूळ करारनामा त्यांच्याकडे आहे. २००४चा मात्र फक्त झेरॉक्स. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी लिहिलंय, "मूळ दस्त सादर करावा." मालक म्हणतात, "घर बदलताना कुठेतरी गेला असेल, इतक्या जुन्या कागदाचं काय एवढं!" एजंट म्हणतो दुसऱ्या बँकेत जाऊ, तिथे "लीगल सैल असतं".

त्यातच मालकांनी नवं काढलंय: करारनामा ४० लाखांचा करू, वरचे ६ लाख रोख द्या, तुमचीही स्टॅम्प ड्युटी वाचेल. शिवाय इसार म्हणून २ लाख लगेच हवेत, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

प्रश्न असे: झेरॉक्सवर काम होईल का? रोखीचं मान्य करावं का? आणि इसार आत्ता द्यावा का?

निगडीकर:
रोखीचं आधी, कारण तिथे नुसता हिशोब मांडला तरी उत्तर मिळतं. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा घराच्या किमतीच्या ८० टक्के आहे, आणि या किमतीत स्टॅम्प ड्युटी, नोंदणीचा खर्च धरत नाहीत. बँक करारातली रक्कम आणि तिच्या व्हॅल्युअरने काढलेली किंमत यांतली कमी असेल ती घेते. करार ४६ चा असेल तर ८० टक्के म्हणजे ३६ लाख ८० हजार, तुमचे ३५ आरामात बसतात. करार ४० चा झाला की जास्तीत जास्त ३२.

आता तुमच्या खिशातून किती जातात ते बघा. ४६ च्या करारात ११ लाख मालकाला, ७ टक्क्यांनी स्टॅम्प ड्युटी ३ लाख २२ हजार आणि नोंदणी फी ३० हजार. एकूण १४ लाख ५२ हजार. ४० च्या करारात ८ लाख चेकने, ६ रोख, ड्युटी २ लाख ८० हजार, फी तीच. एकूण १७ लाख १० हजार. ड्युटीत ४२ हजार वाचवायला जाल आणि अडीच लाखांहून जास्तीची सोय करावी लागेल. तेवढे तुमच्याकडे नाहीतच. एजंट म्हणेल वरचे पर्सनल लोनने भागवू. ऐकू नका. पैसे सोडण्याआधी बँक क्रेडिट रिपोर्ट पुन्हा बघू शकते, आणि नवा हप्ता दिसला की सँक्शन खाली येतं.

शिवाय घरव्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे, घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. हे मालकांना शांतपणे सांगा. पुढे तुम्ही विकाल तेव्हा खरेदी किंमत ४० च धरली जाईल आणि ६ लाखांवर फुकट कर भराल, तो भाग वेगळाच.

जाता जाता: मोटरसायकलचे २८ हजार भरून मोकळे व्हा आणि बँकेचा दाखला फाइलला लावा. बँका साधारण निम्म्या पगारापर्यंत हप्ते धरतात. त्यातून ३,९०० मोकळे झाले की ८ टक्के, २० वर्षांच्या हिशोबाने पात्रता साडेचार लाखांनी वाढते. घ्यायचे नसले तरी हाताशी असू द्या.

एजंट_नको_रे_बाबा:
आमच्या सोसायटीत दोघांनी सर्टिफाइड कॉपीवर लोन घेतलंय. उगाच बाऊ करू नका. हवेलीच्या ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंद झाली तिथून प्रमाणित प्रत आणि इंडेक्स टू (नोंदणीचा गोषवारा) काढा, मालकाला दस्त हरवल्याची पोलिसांत नोंद करायला लावा, पेपरात जाहीर नोटीस द्या. सोबत मालकाचं प्रतिज्ञापत्र.

दस्तवाली:
मी वकील आहे, टायटल सर्चची, म्हणजे मालकीहक्क तपासण्याची कामं करते. वरचा उपाय चुकीचा नाही, बऱ्याच बँका त्यावर मान्यता देतात. पण त्याआधी एक प्रश्न विचारायचा राहिलाय.

बँक मूळ कागदासाठी का अडते? कारण आपल्याकडे मूळ दस्त बँकेत ठेवून कर्ज उचलता येतं. मूळ करारनामा हरवलाय की कुणाच्या तिजोरीत तारण पडलाय, हे झेरॉक्सवरून कळत नाही. आजकाल अशा तारणाची नोटीस ऑफ इंटिमेशन दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते आणि सेरसाई, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या पोर्टलवरही नोंद होते, थोडी फी भरून कुणालाही तिथे शोध घेता येतो. पण सेरसाई सुरू झाली २०११ मध्ये. तुमचा दस्त २००४चा, म्हणून तिथे काही सापडलं नाही एवढ्यावर वकील सही करणार नाही.

आता प्रश्न: आताच्या मालकांनी २०१४ मध्ये घर घेताना कर्ज काढलं होतं का? काढलं असेल तर त्या बँकेने २०१४च्या करारासोबत २००४चा मूळ करारही जमा करून घेतला असणार. जमा कागदांची यादी असते, तिची प्रत कर्जदाराला मिळते. कर्ज फेडल्यावर मालकांनी वरचा, म्हणजे स्वतःचा करार आणला आणि बाकीचे कागद तपासलेच नाहीत, असं मी कितीदा पाहिलंय. बँकेचं नाव आणि जुना खाते क्रमांक विचारा.

इसाराबद्दल: नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही, हा रेराचा नियम बिल्डरला लागू आहे, रीसेलच्या मालकाला नाही. इथे तुमचं संरक्षण म्हणजे तुम्ही कागदावर जे लिहून घ्याल तेवढंच. इसार द्यायचाच तर लहान रकमेचा, चेकने, आणि इसारपावतीत स्पष्ट: "मालमत्तेच्या कागदपत्रांतील त्रुटीमुळे बँकेने कर्ज नाकारल्यास संपूर्ण रक्कम १५ दिवसांत परत." या ओळीला मालक तयार नसतील तर त्यांना ते दुसरं गिऱ्हाईक लखलाभ.

क्रमही सांभाळा. आधी कराराचा मसुदा बँकेच्या वकिलाकडून तपासून घ्या, लीगल (कागदांची) आणि टेक्निकल (घराची) तपासणी लेखी क्लिअर होऊ द्या, मगच नोंदणी. दस्त नोंदवून बसलात आणि कर्ज अडलं तर भरलेली स्टॅम्प ड्युटी परत मिळवणं सोपं नाही.

मोशीची_काकू:
फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर ड्युटी १ टक्का कमी, तुमच्या व्यवहारात ४६ हजार. मात्र खरेदीदारात पुरुषाचं नाव जोडलं की सवलत गेली. बँकेला आधी विचार बाळा, कारण पगार तुझा आणि घर तिचं असं काही बँकांना चालतं, काहींना नाही. व्याजाची करसवलतही मालक असेल त्यालाच, अर्थात तू नव्या करप्रणालीत असशील तर तो विषयच नाही. आणि सोसायटीने हस्तांतर शुल्क मनाला येईल तेवढं मागितलं तर देऊ नका, महापालिका हद्दीत कमाल २५ हजार आहे.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. दस्तवाली ताई, तुमचा प्रश्न मालकांना फोनवर विचारला. २०१४ मध्ये एका हाउसिंग फायनान्स कंपनीचं कर्ज होतं, २०२१ मध्ये फेडलं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या मिसेसनी, जुन्या फाइलमधून जमा कागदांची यादी शोधून फोटो पाठवला. तिसऱ्या ओळीत "मूळ करारनामा, २००४" लिहिलेलं आहे. नो ड्यूजचं, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचं पत्रही आहे. ४६ च्या कराराला ते अजून "बघू" म्हणताहेत. हिशोब कागदावर मांडून दिलाय.

कर्ज फिटल्यावर मूळ कागद परत द्यायला उशीर केला तर कर्जदाराला दिवसाला ५ हजार भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम वाचला, तो इथे लावता येईल का?

दस्तवाली:
छान, फाइल जपणारी माणसं आहेत. तो नियम १ डिसेंबर २०२३ पासून परत द्यायच्या झालेल्या कागदांना आहे. २०२१ला फेडलेल्या कर्जाला ५ हजार मागता येणार नाहीत. तरी मालकांनी त्या कंपनीला लेखी अर्ज द्यावा, यादीची प्रत आणि नो ड्यूज जोडून, आणि पोच घ्यावी. अर्ज मालकांच्याच सहीने जायला हवा, तुमच्या नाही. कागद मिळाला तर विषय संपला. नाही मिळाला तर "आमच्याकडून गहाळ, या मालमत्तेवर आमचा कोणताही बोजा नाही" असं कंपनीच्या लेटरहेडवर घ्या. ते पत्र आणि प्रमाणित प्रत एकत्र असली की तुमच्या बँकेच्या वकिलांना नाही म्हणायला फारसं कारण उरत नाही. २००४च्या खरेदीदाराने तेव्हा कर्ज काढलं होतं का, तेही मालकांना विचारा. काढलं असेल तर त्याचंही नो ड्यूज लागेल.

सँक्शन लेटरची मुदत कधी संपते ते आजच बघा. जवळ आली असेल तर शाखेत मुदतवाढीचा अर्ज आधीच देऊन ठेवा.