प्रागचं खगोलीय घड्याळ: आई-बाबांना घेऊन जायचंय, टॉवरवर चढावं का?

सैरभैर
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आई-बाबांना घेऊन चाललोय, व्हिएन्नाहून ट्रेनने प्रागला जायचं, तिथे एकच मुक्काम आहे. जुन्या चौकातलं ते घड्याळ बघायचंच असा बाबांचा हट्ट आहे, घरातलं एकही भिंतीवरचं घड्याळ त्यांनी उघडल्याशिवाय सोडलेलं नाही. पण आईचे गुडघे दुखतात. तर किती वाजता गेलेलं बरं, घड्याळाच्या टॉवरला लिफ्ट आहे का, की खालून बघून भागेल? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.

हिंडफिरे
स्पष्ट सांगतो राग मानू नका, फार आशा ठेवून जाऊ नका. दर तासाला, सकाळी ९ ते रात्री ११, वरच्या दोन खिडक्या उघडतात, येशूचे बारा शिष्य एकेक करून दिसतात, शेजारचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, शेवटी कोंबडा आरवतो आणि संपलं. मिनिटभरसुद्धा नाही. आणि तेवढ्यासाठी पाचशे लोक मोबाईल वर धरून उभे, त्यामुळे दिसतात ते पुढच्याचे हात. खालून बघा, फोटो काढा, चार्ल्स पुलाकडे चला.

चक्रधर
हिंडफिरे, तुम्ही बाहुल्या बघून आलात, घड्याळ बघितलंच नाही :)

सैरभैर, बाबा यंत्रवेडे असतील तर ठोका पडून गेल्यावर जा. गर्दी पांगते आणि तबकडीसमोर निवांत उभं राहता येतं. हे यंत्र १४१० चं, कडानच्या मिकुलाश नावाच्या घड्याळजीने केलं आणि गणित-खगोलाची बाजू यान शिंडेल या प्राध्यापकाने सांभाळली असं मानतात. (गाईड लोक हानुश नावाच्या कारागिराचे डोळे नगरपालिकेने फोडले ती गोष्ट रंगवून सांगतील, ऐका आणि सोडून द्या.)

आता तबकडी. मध्ये पृथ्वी, निळा भाग म्हणजे दिवस, काळा म्हणजे रात्र. रोमन आकडे आपले नेहमीचे तास. पण सगळ्यात बाहेरचं जे कडं आहे ना, गॉथिक वळणाच्या आकड्यांचं, त्यात गंमत आहे, ते जुने चेक तास, दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, आपला वार जसा सूर्योदयाला सुरू होतो तसा. ते कडं वर्षभर थोडं थोडं सरकत राहतं म्हणजे सूर्यास्ताला काट्याच्या टोकाचा सोनेरी हात बरोबर २४ वर येतो. त्यामुळे दिवसा कधीही बघा, २४ मधून तो आकडा वजा केला की अंधार पडायला किती तास उरले ते कळतं. वेशीचे दरवाजे बंद व्हायच्या काळात याचा उपयोग किती असेल बघा. चंद्र म्हणजे अर्धा काळा अर्धा चंदेरी गोळा, तो स्वतःभोवती फिरून कला दाखवतो आणि ते फिरवणारं यंत्र गोळ्याच्या पोटातच आहे, वजनाच्या ओढीवर चालतं. बाबांना हे नक्की सांगा.

आणखी एक, राशींचं कडंही आहे, पण ते सायन, म्हणजे राशी ताऱ्यांवरून नाही, ऋतूंवरून मोजलेल्या. आपल्या संक्रांतीला तिथला सूर्य मकरेत शिरून तीन आठवडे झालेले असतात. आईंनी पंचांगाशी ताडून बघितलं तर घड्याळ चुकलंय म्हणतील.

मनीमाऊ
लिफ्ट आहे, गॅलरीपर्यंत जाते, गुडघ्यांची काळजी नको. टॉवर साधारण ७० मीटर, वरची गॅलरी मात्र अरुंद आहे आणि संध्याकाळी खूप धक्काबुक्की होते, सकाळी उघडल्या उघडल्या जा. त्यापेक्षा चौकातली दगडी फरसबंदी त्रास देईल, आईंना चांगले बूट घालायला सांगा. टॉवर ज्या जुन्या टाऊन हॉलचा आहे त्याच्या आत प्रार्थनागृह आहे तिथून शिष्यांच्या मूर्ती मागच्या बाजूने अगदी जवळून दिसतात, हे बहुतेकांना माहीतच नसतं. जुन्या मूर्ती मे १९४५ मध्ये जर्मन माऱ्यात जळाल्या, या नंतरच्या आहेत. तिकीट कोरुनामध्ये. आणि ठोक्याच्या वेळी पर्स पुढे घ्या, सगळे वर बघत असतात तेव्हाच खिसे कापतात, आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंचा पासपोर्ट तिथेच गेला आणि पुढचा अख्खा दिवस त्यातच गेला.

टॉवरखाली जमिनीत पांढऱ्या दगडांचे २७ क्रॉस आहेत, १६२१ मध्ये तिथे २७ जणांना फाशी-शिरच्छेद झाला त्यांचे. लोक त्यावर उभे राहून सेल्फी घेतात.

सैरभैर
भारी माहिती, धन्यवाद! बाबांना वाचून दाखवलं, ते आत्तापासून नोट्स काढतायत. त्यांचा प्रश्न, यंत्र अजून जुनंच आहे का आता विजेवर? आणि मी एका व्हिडिओत बघितलं, मोबाईलमध्ये ३ वाजलेले आणि काटा २ वर, बिघडलंय का?

चक्रधर
नाही हो, उन्हाळ्यात युरोपातली घड्याळं एक तास पुढे करतात, ही तबकडी करत नाहीत. म्हणून मे महिन्यात रोमन आकड्यात एक तास मिळवायचा, ठोके मात्र चालू वेळेचे पडतात. आणि मधल्या काळात विजेचं यंत्र होतं, २०१८ च्या दुरुस्तीत ते काढून एकोणिसाव्या शतकातलं परत बसवलं. त्याच वेळी खालच्या महिन्यांच्या तबकडीची नवी प्रत रंगवली, ती मूळ चित्रांशी जुळत नाही म्हणून २०२२ मध्ये तिथे चांगलाच गदारोळ झाला.

बाबांना वेळ असेल तर दहा मिनिटं चालून ज्यू वस्तीत न्या. तिथल्या जुन्या ज्यू टाऊन हॉलवर हिब्रू आकड्यांचं घड्याळ आहे, काटे उलटे फिरतात.