प्रति: दहावी इंग्रजीची कृतिपत्रिका
'धडे-कविता पाठ केल्या की इंग्रजी निघतं' हे मत अजिबात पटलं नाही. महाराष्ट्र बोर्डाच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत (म्हणजे प्रश्नपत्रिकेत) पुस्तकातल्या उताऱ्यांना २० आणि कवितांना १० गुण आहेत. उरलेले ५० भाषाभ्यास, अपठित (पुस्तकाबाहेरचा) उतारा, लेखन आणि भाषांतराचे, तिथे पाठांतर काय कामाचं?

मुलं खरी अडकतात चौथ्या प्रश्नात. ४ अ मध्ये अपठित उताऱ्यावरच्या कृती १० गुणांच्या, आणि ४ ब मध्ये त्याच उताऱ्याचा सारांश ५ गुणांना, तोही शीर्षकासकट. सराव पेपर तपासताना नेहमी दिसतं, की चांगली मुलंसुद्धा उताऱ्यातली वाक्यं जशीच्या तशी उतरवतात आणि शीर्षक राहूनच जातं. आधी उत्तरपत्रिकेत शीर्षकाची ओळ मोकळी सोडायला शिकवा, मग सारांशाला हात घालू दे.