मदत हवी आहे: गुलाबदाणीवर ठसा भुजचा, अक्षरं मोडी आणि आठवण सांगलीची

नमस्कार मंडळी,

आईच्या माहेरची एक चांदीची गुलाबदाणी आता माझ्याकडे आली आहे. आजी सांगायची, "सांगलीच्या राणीसाहेबांनी सासूबाईंच्या ओटीत घातली होती." पणजोबा मात्र नोकरीला होते कुरुंदवाडला. दोन्ही संस्थानं पटवर्धनांचीच. त्यामुळे आजीच्या बोलण्यात नाव चुकलं, की वस्तू घराण्याच्या एका पातीकडून (शाखेकडून) दुसऱ्या पातीकडे गेली आणि मग आमच्या घरी आली, हे काही केल्या उलगडत नाही. विचारायला आता घरात कुणी उरलेलं नाही.

दाणी उपडी केली की तळाला एक छोटा ठसा दिसतो. इंग्रजी ओ आणि एम ही अक्षरं, आणि खाली भुज. हा ठसा कच्छच्या ओमरसी मावजींचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते भुजला काम करत आणि कच्छच्या महारावांचे दरबारी कारागीर होते. काम पाहिलं तर पटतंही. पोटावर वेलबुट्टी इतकी दाट की बोटाच्या पेराएवढी जागा मोकळी नाही, आणि पानांच्या आड एक हरीण मान वळवून मागे बघतंय. राळ भरून, ठोकून काढलेला उठाव आहे. आतून हात फिरवला तर तेच खड्डे लागतात. पण या नावाचे खोटे ठसेही बाजारात असतात, म्हणून जाणकारांचा शब्द हवा.

ठशाच्या कडेने मोडीत एक ओळ कोरली आहे. त्यातलं 'तोळे ५४ मासे ३' एवढं मला लागलं. त्याआधी दोन-तीन अक्षरं आहेत. पहिलं सांगलीचं 'सां' की कुरुंदवाडचं 'कु' यावरच सगळं अडलंय, आणि नेमकं तेच झिजलंय. पुढे 'जामदार' वाचल्यासारखं वाटतं. तसं असेल तर ही जामदारखान्याची (संस्थानच्या खजिन्याची) नोंद, म्हणजे दाणी खरंच संस्थानच्या मालकीची होती.

वजनाचंही एक कोडं आहे. ११.६६ ग्रॅमचा तोळा धरला तर साधारण ६३३ ग्रॅम भरायला हवेत. काट्यावर भरले ५९८. पस्तीस ग्रॅम कमी, म्हणजे बरोबर तीन तोळे. मानेला वर आटे आहेत, पण त्यावर बसणारं भोकाभोकांचं फूल हरवलंय. तीन तोळे त्या फुलाचेच असावेत असं मला वाटतं. तेव्हा संस्थानात हाच तोळा चालत होता का?

एक गोष्ट लिहिताना अजून त्रास होतो. मागच्या दिवाळीत एका पेढीवर पोचा काढायला दिली होती. त्यांनी न विचारता मशीनवर पॉलिश मारून दिली. एका बाजूच्या पानांच्या शिरा गेल्या. वर "मोड करून टाका, चांगला भाव येईल" हा सल्ला. तुमच्याकडे असं काही असेल तर मऊ कापडापलीकडे काही लावू देऊ नका.

मला विकायची नाही. अमेरिकेतला मामेभाऊ तिकडच्या लिलावाचं सुचवत होता. पण शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार देशाबाहेर नेता येत नाही, हे त्याला सांगितलंय.

हवं आहे ते इतकंच. मोडी वाचणारं कुणी असेल तर तळाचे फोटो पाठवते. तिरप्या उजेडात काढलेत, त्यात अक्षरं बरी दिसतात. दुसरं, १९४८ साली ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, त्याआधीच्या जामदारखान्याच्या याद्या किंवा खासगीकडचे (राजघराण्याच्या स्वतःच्या खात्यातले) देणग्यांचे कागद कुणी पाहिलेत का? पुण्याच्या पुराभिलेखागारात आधी जावं की कोल्हापूरच्या? पुढच्या महिन्यात चार दिवसांची रजा आहे. नेमकं कोणतं दफ्तर मागायचं ते कळलं तर तेवढ्यात काम होईल.